केशरी टोपण: इन्सुलिनच्या एका थांबलेल्या डोसचं प्रकरण

"ओ सिस्टर, आमच्यात आईला केशरी टोपणाची सुई असती की. ही तर लाल हाय."

सोलापुरातल्या एका रुग्णालयात, स्त्रियांच्या मेडिसीन वॉर्डात, सकाळी आठच्या सुमाराला पेशंटच्या मुलीनं हे म्हटलं तेव्हा आमच्या पाचव्या सेमिस्टरच्या विद्यार्थिनीनं पेशंटच्या पोटाची कातडी चिमटीत धरलेली होती. सुई टोचायचीच बाकी होती. तिनं हात मागं घेतला. सिरिंजमध्ये सोळाच्या रेघेपर्यंत इन्सुलिन ग्लार्जिन भरलेलं होतं आणि केस पेपरवरही सोळा युनिटच लिहिलेले होते. पेशंट बरोबर, औषध बरोबर, मार्ग बरोबर, वेळही बरोबर. तरी ती सुई टोचली गेली असती, तर त्या बाईंच्या अंगात सोळाच्या जागी चाळीस युनिट गेले असते.

हे कसं, ते नर्सिंगबाहेरच्या वाचकांसाठी नीट सांगते. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. साध्या ह्यूमन इन्सुलिनच्या व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. ग्लार्जिनच्या व्हायलमध्ये आणि पेनच्या काडतुसात १००. म्हणून सिरिंजही दोन तऱ्हेच्या: ४० साठी लाल टोपण, १०० साठी केशरी. या सिरिंजवरच्या रेघा युनिटच्या असतात आणि त्या त्या ताकदीचं इन्सुलिन भरलं तरच त्या खऱ्या ठरतात. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये सोळाच्या रेघेपर्यंत भरलं की ०.४ मिलि द्रव येतो. तेवढ्या द्रवात १०० ताकदीचे चाळीस युनिट असतात, म्हणजे डोस अडीचपट. उलटी अदलाबदल झाली, तर सोळाच्या जागी जेमतेम सव्वासहा-साडेसहा युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे चक्रावतात. ग्लार्जिनचा असर साधारण दिवसभर टिकतो. त्यामुळे जास्त गेलेला डोस एकदा ग्लुकोज देऊन निस्तरत नाही. बाईंची साखर दिवसभर आणि रात्रभर पुन्हा पुन्हा तपासत बसावं लागलं असतं.

इंजेक्शन टोचलं गेलं नाही. केशरी टोपणाची सिरिंज शोधून आणली, डोस पुन्हा भरला, दिला. बाईंना काहीच झालं नाही आणि दोन दिवसांनी त्या घरी गेल्या. वॉर्डाच्या दृष्टीनं प्रकरण तिथंच संपलं. मी त्या विद्यार्थिनीची ट्यूटर आहे. माझ्यासाठी ते तिथून सुरू झालं.

त्या सकाळी

मी त्या वेळी खालच्या मजल्यावर दुसऱ्या गटाबरोबर होते. वर आले तेव्हा ती विद्यार्थिनी जिन्याशेजारच्या बाकावर बसलेली होती. तिला बरंच बोलणं खावं लागलं होतं. "थर्ड इयरला आलीस आणि साधं इन्सुलिन लोड करता येत नाही?" हे सगळ्या वॉर्डासमोर. मी तिला पाणी दिलं आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लावलं.

तिच्या सांगण्यातली एक गोष्ट मला आजही जशीच्या तशी आठवते. फ्रीजमधल्या ट्रेमध्ये दोन व्हायल होत्या, एक रेग्युलर, म्हणजे साधं ह्यूमन इन्सुलिन, एक ग्लार्जिन. शेजारी सिरिंजचा खोका, सगळी लाल टोपणं. व्हायल हातात घेतल्यावर लेबलवरचा १०० चा आकडा तिला दिसला होता. "मला वाटलं, मॅडम, की काहीतरी वेगळं आहे. पण सिस्टर म्हणाल्या, चल लवकर, नाश्ता यायचाय, अजून आठ पेशंट आहेत. मग मी भरलं."

तिला शंका आली होती आणि ती तिनं गिळली. शंका बोलून दाखवली ती पेशंटच्या मुलीनं. ती विड्या वळते, शाळा तिनं चौथीतच सोडलेली. पण वर्षभर आईला रोज सकाळी स्वतःच्या हातानं इंजेक्शन दिल्यामुळे टोपणाचा रंग तिच्या डोळ्यात बसलेला होता. आणि तिला कुणाची भीती नव्हती. तिची आई होती ती.

घटनेची नोंद करायची म्हणून वॉर्डातून फॉर्म मागवला. त्यात 'दोषी कर्मचाऱ्याचं नाव' असा रकाना होता. 'काय काय जुळून आल्यामुळे हे घडलं' असा रकाना नव्हता. मी तो पहिला रकाना रिकामा ठेवला आणि मागच्या कोऱ्या पानावर सगळं लिहिलं. त्यावरून थोडी वादावादी झाली, पण कागद गेला तसाच.

आमच्या लॅबमधली चूक

कॉलेजात परतल्यावर मी स्किल लॅबचं कपाट उघडलं. इन्सुलिनच्या सिरिंज होत्या भरपूर. सगळ्या लाल टोपणाच्या. स्वस्त मिळतात, सहज मिळतात, म्हणून वर्षानुवर्षं त्याच मागवल्या जात होत्या. त्यांची मागणी लिहिणारी मीच. आमच्या मुलींनी केशरी टोपणाची सिरिंज हातात धरलेलीच नव्हती. वर्गात फळ्यावर मी दोन्ही ताकदी शिकवल्या होत्या, गणितंही घातली होती, पेपरात सगळ्यांनी ती बरोबर सोडवली होती. हाताला मात्र एकच सवय लावली होती.

आणखी एक जुना नियम आड येत होता. मुलींना आम्ही सांगत आलो, की पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं इन्सुलिन लवकर काम करणारं आणि दुधाळ दिसणारं हळू काम करणारं. रेग्युलर आणि एनपीएच (हळू काम करणारं दुधाळ इन्सुलिन) या दोघांपुरतं ते खरं आहे. ग्लार्जिन दीर्घकाळ चालतं, तरी दिसतं स्वच्छच. शिवाय ते आम्लधर्मी असल्यानं दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचं नसतं. ट्रेमध्ये दोन स्वच्छ व्हायल शेजारी शेजारी असल्या की डोळ्याला फरक सांगणारं काही उरत नाही, लेबल वाचण्याशिवाय.

पण सगळ्यात जास्त मला बोचलं ते निराळंच. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत टेबलावरचा ट्रे नेहमी बरोबर असतो. लॅब अटेंडंट सगळं जागच्या जागी लावून ठेवतात. विद्यार्थिनीनं हात धुवायचे, ट्रे उचलायचा, 'योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ' असं मोठ्यानं म्हणायचं आणि डमीच्या रबरी दंडात सुई टोचायची. प्रत्येक पायरीला मार्क. तीन वर्षं अशा ट्रेवर हात बसला की ट्रे चुकीचा असू शकतो हे मनातच येत नाही. आम्ही मुलींना तपासायला शिकवत नव्हतो, तपासल्याचं पाठ म्हणायला शिकवत होतो. माझ्या सतरा वर्षांच्या शिकवण्याबद्दल हे लिहिताना जड जातं, पण तसंच आहे.

२०२२ च्या जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचा, १७ सप्टेंबरचा, विषय औषधांची सुरक्षितता हाच होता. औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायची, असं उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्येच ठेवलेलं होतं. आम्ही पोस्टर स्पर्धा घेतली. मुलींनी सुंदर पोस्टरं केली, इन्सुलिनचंही एक होतं, व्हरांड्यात वर्षभर लागलेलं. त्या पोस्टरवर सिरिंजच्या टोपणाचा रंग कुठंच नव्हता. रोज त्याच्यासमोरून जात असूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

खोली उभी करताना

२०२१-२२ पासून बीएस्सी नर्सिंगचा सेमिस्टर पद्धतीचा जो अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेनं लागू केला, त्यात सिम्युलेशनला, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग रचून सराव करण्याला, जागा आहे. कागदावर ते आमच्याकडेही होतं. सिम्युलेशन म्हटलं की लोकांना महागडा, श्वास घेणारा, बोलणारा पुतळा आठवतो. तसा आमच्याकडे नाही, आणि या कामाला तो लागतही नाही. नर्सिंग शिकवण्यासाठी पहिला मोठा पुतळा १९११ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयानं बनवून घेतला, तो एका बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून. मिसेस चेस म्हणत त्या पुतळ्याला. आम्ही जुनी डमी घेतली, तिला इरकली लुगडं नेसवलं आणि मागच्या बाजूच्या अडगळीच्या खोलीत लोखंडी खाट टाकली.

औषधांचं मात्र फार जपून केलं. रिकाम्या व्हायल धुऊन त्यात साधं पाणी भरलं, प्रत्येकीवर 'फक्त सरावासाठी' अशी पिवळी पट्टी डकवली, आणि खोलीत नेताना किती, परत आणताना किती, याची वही ठेवली. सरावाची व्हायल चुकून विद्यार्थिनीच्या ॲप्रनच्या खिशातून वॉर्डात गेली, तर जे टाळायला निघालो तेच आम्ही घडवून आणू. ज्या कॉलेजांना असं काही सुरू करायचं असेल त्यांनी डमीच्या आधी ही वही आणावी.

प्रसंग असा रचला. पेशंट महादेवी, वय ५८, अक्कलकोट तालुक्यातल्या. शेजारच्या खाटेवर महानंदा. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही स्त्रियांच्या वॉर्डात ही दोन नावं एकाच वेळी सापडतील, म्हणून मुद्दाम तीच घेतली. ट्रीटमेंट शीट हातानं लिहिलेली. '१६ यू' मधला इंग्रजी यू घाईत गोलसर काढलेला, शून्यासारखा, म्हणजे १६ चे १६० वाचले जावेत. ही जगभर नोंदलेली जुनी चूक आहे आणि म्हणूनच 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा असं सगळीकडे सांगतात. थर्माकोलच्या डब्यात दोन्ही व्हायल. वर फक्त लाल सिरिंज. केशरी लॉकरच्या खणात, मागितली तर मिळेल अशी. माझ्या सहकारी मॅडम घाईतल्या सिनियर सिस्टर झाल्या. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी महादेवींची सून झाली. तिला सांगितलं, डोस भरत असताना मध्येच जाऊन म्हण, "सिस्टर, शेजारच्या बाईंचं सलाईन संपलंय की."

हा अडथळा आम्ही हौसेनं घातला नाही. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांनी औषध दिल्याचे ४,२७१ प्रसंग निरखून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये अडवलेलं होतं, आणि प्रत्येक अडथळ्यागणिक चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. आमच्या वॉर्डात तर नातेवाईक, फोन, राउंडला आलेले डॉक्टर, जेवणाची गाडी, सगळं एकाच तासात असतं. शांत लॅबमध्ये शिकलेलं तिथं कसं टिकणार?

मार्क ठेवायचे नाहीत यावर मी अडून बसले. "मार्क नसतील तर मुली गांभीर्यानं घेणार नाहीत," असं दोघा सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. मला वाटतं, मार्क असले की मुली तपासणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतात. मला त्या व्हायलकडे बघायला हव्या होत्या.

पहिल्या दिवशी

चार-चार जणींचे गट. प्रसंग दहा-बारा मिनिटांचा, त्यानंतरची चर्चा किमान अर्ध्या तासाची. बाहेर घाम काढणारं ऊन होतं, खोलीत एकच पंखा.

पहिल्या गटानं सगळं भराभर केलं. पाच योग्य गोष्टी अगदी सुरात म्हटल्या आणि लाल सिरिंजनं सोळाच्या रेघेपर्यंत भरून इंजेक्शन दिलं. नाव विचारलं ते असं: "तुम्ही महादेवी ना?" डमीसाठी बोलणारी मुलगी "हं" म्हणाली. आम्ही तिला तसंच सांगून ठेवलं होतं. इथं कन्नड बोलणारी म्हातारी असो वा सोलापूरच्या पूर्वभागातली तेलुगू बोलणारी, मराठीत काहीही विचारलं तरी पहिल्यांदा मान हलवते. चांगुलपणानं हलवते.

दुसऱ्या गटातल्या एका मुलीला १०० चा आकडा दिसला. तिनं पेन काढलं, तळहातावर सोळाला अडीचनं भागलं, ६.४ आलं, आणि लाल सिरिंजमध्ये सहाच्या थोडं पुढं भरलं. गणित तंतोतंत बरोबर. पण त्या सिरिंजवर रेघ एकेका युनिटची. ६.४ ची रेघ नाहीच, ती नजरेनं अंदाजावर ठरवलेली. चर्चेत तिचं कौतुक करावं की तिला अडवावं, मला क्षणभर कळेना. दोन्ही केलं. डोळे उघडे ठेवल्याबद्दल शाबासकी दिली. मग विचारलं, हेच पहाटे चारला, रात्रपाळी संपत आलेली असताना, तू तळहातावर बरोबर भागशील याची खात्री देशील का? ती बराच वेळ हाताकडे बघत राहिली. नाही म्हणाली.

तिसऱ्या गटात ती होती, वॉर्डातली. मी तिला सांगितलं होतं की यायलाच हवं असं नाही. ती आली. व्हायल घेतली, लेबल वाचलं, सिरिंजकडे बघितलं आणि थांबली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सिस्टर, मला एक शंका आहे." माझ्या सहकारी मॅडमनी, ठरल्याप्रमाणे, मान वर न करता विचारलं, "काय शंका?"

"काही नाही," ती म्हणाली. आणि भरलं.

मी प्रसंग तिथंच थांबवला. नियमानं तो पूर्ण होऊ द्यायला हवा होता, पण तिच्या हातून दुसऱ्यांदा ती सुई टोचवून घेणं मला पटलं नाही.

त्या गटाची चर्चा दीड तास चालली. 'तू असं का केलंस' हा प्रश्न मी विचारायचा नाही असं ठरवून गेले होते, कारण त्याला उत्तर एकच येतं, 'सॉरी मॅडम'. मी विचारलं, "'शंका आहे' आणि 'काही नाही' या दोन वाक्यांच्या मध्ये तुझ्या मनात काय झालं?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिच्या शेजारची बोलली. "मॅडम, शंका विचारली की 'एवढंही येत नाही का' म्हणतात. सगळ्यांसमोर. पुढच्या वेळी विचारायचं धाडसच होत नाही." तिसरी म्हणाली, "आणि सिस्टर वीस वर्षं करतायत. आपल्याला जास्त कळतं का?" चौथी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "घरी पण असंच आहे ना मॅडम. मोठ्यांना थांबा म्हणायचं नाही."

यानंतर औषधशास्त्राचा एक शब्दही मला बोलायचा नव्हता. या मुलींना ४० आणि १०० मधला फरक कळत होता. वडीलधाऱ्या बाईला, पेशंटसमोर, अपमान न करता आणि स्वतःचा न होऊ देता, थांबा कसं म्हणायचं, ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. अभ्यासक्रमात 'संवादकौशल्य' आहे. त्यात हे वाक्य नाही.

एक वाक्य

म्हणून आम्ही ते वाक्य बनवलं. मुलींनीच बनवलं, मी फक्त फळ्यावर लिहीत गेले. 'मला शंका आहे' हे चालेना. त्यात सगळं बोट स्वतःकडे, आणि समोरच्याला 'काय शंका' म्हणून झटकता येतं. 'तुमचं चुकतंय' तर कुणाच्याच तोंडून निघेना. शेवटी डोळ्यांना जे दिसतं तेच बोलायचं ठरलं:

"सिस्टर, थांबा. व्हायल शंभरची आहे, सिरिंज चाळीसची आहे. एकदा बघून द्या."

यात कुणाचा दोष नाही, स्वतःच्या अज्ञानाची कबुली नाही. दोन आकडे आहेत आणि एक विनंती. उत्तर टाळलं गेलं, तर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. दुसऱ्यांदाही टाळलं गेलं, तर ट्रे खाली ठेवायचा आणि ट्यूटरला बोलवायचं. डोस उशिरा गेला तरी चालेल.

मग उभं राहून, मोठ्यानं सराव. हसू नका, हा सगळ्यात अवघड भाग होता. आवाजच फुटेना. एका मुलीच्या घरी टॉवेलचे माग आहेत. तिला म्हटलं, खडखडाटात आईला हाक मारतेस तशी मार. तिनं मारली. खोली दणाणली, सगळ्या दचकल्या, आणि मग एकेकीचा आवाज मोकळा झाला.

नावाचंही तसंच केलं. 'तुम्ही महादेवी ना' बंद. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारायचं आणि उत्तर केस पेपरशी आणि हातातल्या पट्टीशी ताडायचं. कन्नडमध्ये 'निम्म हेसरु एनु', तेलुगूत 'मी पेरु एमिटि'. मराठी कानाला ते 'मी पेरू' ऐकून मुली खळखळून हसल्या, आणि म्हणूनच कुणी विसरली नाही. आमच्याच बॅचमधल्या तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या मुलींनी उच्चार घोटून घेतले. त्या दिवशी त्या शिक्षिका होत्या.

नातेवाइकांबद्दलही मला माझं शिकवणं बदलावं लागलं. इंजेक्शनच्या वेळी गर्दी नको म्हणून नातेवाइकांना बाहेर काढा, असं मी सांगत असे. आता सांगते, जी व्यक्ती घरी डोस देते तिला जवळ उभी करा आणि विचारा, 'घरी किती देता, कशानं देता?' त्या विडी वळणाऱ्या मुलीचं हे माझ्यावरचं ऋण आहे.

आठवड्यानं

तोच प्रसंग पुन्हा घेतला असता तर मुली फक्त टोपणाचा रंग शिकल्या असत्या. म्हणून दुसऱ्या वेळी व्हायल बरोबर, सिरिंज बरोबर, नाव बरोबर. फक्त ग्लुकोमीटरचा आकडा ६४ आणि पेशंट म्हणते, "मळमळतंय, खाल्लं नाही काही." ७० च्या खाली साखर, म्हणजे इन्सुलिन हातातून खाली, आधी साखर वर आणायची आणि डॉक्टरांना कळवायचं. एका गटानं टोपण बघितलं, नाव विचारलं, समाधानानं हसल्या आणि डोस दिला. सापळा एकच असतो असं त्यांना वाटलं होतं. तिसऱ्या खेपेला पोटॅशियम क्लोराइड. दहा मिलिची ती अँपुल डिस्टिल्ड वॉटरच्या अँपुलसारखीच दिसते, आणि अँटिबायोटिक विरघळवताना चुकून ती फोडली तर काय होतं हे मी इथं लिहीत बसत नाही. सलाईनमध्ये पातळ न करता ते थेट शिरेत गेलं, तर हृदय थांबतं.

एक गोष्ट मला बदलावी लागली. पहिल्या दिवशी काही मुलींना फसवल्यासारखं वाटलं. "मॅडम, तुम्हीच खोटं बोलायला लावलं सिस्टरांना." त्यांचं बरोबर होतं. आता सुरुवातीलाच सांगतो की ट्रेमध्ये चूक असेल किंवा नसेलही, सिनियर घाईत असतील, आणि इथं जे होईल ते या खोलीबाहेर जाणार नाही. एवढं सांगूनही मुली अडखळतात. म्हणजे लपवून आम्ही काही कमावत नव्हतो.

इन्चार्ज सिस्टर

महिनाभरानं त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर लॅबमध्ये आल्या. मीच बोलावलं होतं, येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांनी त्या मुलीला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, त्याच. दाराशी उभ्या राहून त्यांनी एक प्रसंग बघितला आणि म्हणाल्या, "मलाही करू दे."

आम्ही कुणीच त्यांच्यासाठी काही सोपं केलं नाही. त्यांनी शीट वाचली, नाव विचारलं, व्हायल घेतली. बरोबर त्या क्षणी सून झालेली मुलगी सलाईनचं सांगायला आली. सिस्टरांनी तिला उत्तर दिलं, मान वळवून शेजारच्या खाटेकडे बघितलं, आणि परत वळून लाल सिरिंज उचलली.

"सिस्टर, थांबा," मदतनीस म्हणून उभी असलेली मुलगी म्हणाली. तीच, वॉर्डातली. "व्हायल शंभरची आहे, सिरिंज चाळीसची आहे. एकदा बघून द्या."

सिस्टरांनी दोन्ही हात उजेडात धरले. मग खुर्ची ओढून बसल्या. "फ्रीजमध्ये दोन्ही व्हायल एकाच ट्रेत मीच ठेवते," त्या म्हणाल्या. "जागा नसते म्हणून. आणि केशरी सिरिंज इंडेंटमध्ये, स्टोअरच्या मागणीत, मी लिहीतच नाही, लाल येतातच म्हणून." त्या मुलीकडे बघून पुढं म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला बोलले. ते चुकलं माझं." मुलगी काही बोलली नाही, पण तिनं पदराशी चाळा करणं थांबवलं.

आता त्या वॉर्डात १०० ची व्हायल आणि केशरी टोपणाच्या सिरिंज एकाच डब्यात, झाकणावर मोठ्या अक्षरात आकडा. ४० चा डबा फ्रीजच्या दुसऱ्या कप्प्यात. इन्सुलिन भरल्यावर दुसरीनं स्वतंत्रपणे, पहिलीनं आकडा न सांगता, शीट, व्हायल आणि सिरिंज वाचायची. गर्दीच्या दिवशी हे दुसरं तपासणं राहून जातं. मी स्वतः बघितलंय. एकट्या सिस्टरवर तीस-पस्तीस पेशंट असले की दुसरी कुठून आणायची, याचं उत्तर आमच्या खोलीत मिळणार नाही, आणि ते मुलींच्या माथी मारणंही बरोबर नाही.

गेल्या चर्चेत एका मुलीनं विचारलं, "मॅडम, रविवारी रात्री केशरी सिरिंज संपल्या असतील तर?" मी म्हटलं, शेजारच्या वॉर्डातून मागव. "तिथंही नसतील तर?" डॉक्टरांना कळव, नातेवाइकांना मेडिकलमधून आणायला सांग, पण अंदाजानं भरू नको. "आणि त्यांच्याकडे पैसे नसतील तर, मॅडम?"

दुसऱ्या दिवशी मी आणि इन्चार्ज सिस्टर मिळून स्टोअरकडे गेलो. दर आठवड्याच्या इंडेंटमध्ये केशरी टोपणाच्या सिरिंजचा एक खोका जास्त मागितला, आणि आकस्मिक कपाटाच्या यादीत त्या लिहून घेतल्या. पहिला खोका अजून यायचाय.